मैद्याचा कप

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ओरडतेस आणि मी फोन आपटते, म्हणून लिहिते. शिंपीणबाईंनी लेकीच्या लग्नाचा केक परत आणून आपल्या काउंटरवर आदळला. कापायला सुरी नव्हे, करवत लागली म्हणे. भर बेकरीत, गिऱ्हाइकांसमोर माझी शोभा झाली.

तू सांगितलास तेवढाच, चार कप मैदा घातला. फक्त काट्यावर मोजून घेतला. कपात अडीचशे ग्रॅम पाणी मावतं, म्हणजे चार कपांचा किलो. यात माझं काय चुकलं? उजवं मनगट मोडून घेऊन तू लेकाकडे गेलीस, बेकरी माझ्या गळ्यात मारलीस, आणि जाताना म्हणालीस काय, तर अंदाज येईल हळूहळू. जन्मभर मी गल्ल्यावर बसलेली, मला कुठला अंदाज येणार? तू मुद्दामच नीट सांगितलं नाहीस, असं मला वाटतं.

हाताला जप. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

तुझी धाकटी

१८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

मी सांगतेय आणि सूनबाई लिहून घेतेय. गालात हसतेय मेली.

अगं, अक्कल गहाण ठेवलीस का? पाणी आणि मैदा एकच? कपभर मैदा भरतो जेमतेम सव्वाशे ग्रॅम. साखर दोनशे, मध साडेतीनशेच्या घरात, कोको तर शंभरही नाही. दुप्पट मैदा कोंबलास आणि वर माझ्याच नावानं शंख! मैदा आधी चाळायचा, चमच्यानं हलकेच कपात सोडायचा, वरून सुरीनं सपाट करायचा. दाबायचा नाही.

शिंपीणबाई आपलं पहिलं गिऱ्हाईक. माझं नाव मातीत घातलंस. मी येईपर्यंत केक बंद, नुसते पाव विक. महिन्याभरात येतेच.

तुझी ताई

२३ मार्च

ती. ताईस,
नमस्कार आहेच.

म्हणजे आकडे तुला तोंडपाठ होते! मग इतकी वर्षं विचारलं की हाताला कळतं, एवढंच का सांगायचीस?

तू लिहिलंस तसा चाळून मी कप भरला, तो सव्वाशे भरला. भट्टीवरच्या काकांनी पिठात कप खुपसला, तो दीडशेच्या वर. कप तोच, मैदा तोच. म्हणून यापुढे बेकरीत सगळं ग्रॅममध्ये. आकडे पाटीवर लिहून भिंतीला लावलेत. शिंपीणबाईंना नवा केक नेऊन दिला. हसल्या नाहीत, पण दुसरा तुकडा मागून घेतला.

तुझ्यावाचून इथलं पान हलू नये, हेच तुला हवं होतं ना? आलीस की तूही काट्यावरच मोजायचंस. राग आला तर येऊ दे.

तुझी धाकटी

३० मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

पत्र ऐकून अंगाचा तिळपापड झाला. हो, हवंच होतं मला तसं! हे गेल्यावर त्या भट्टीपुढे उभं राहून मी घर चालवलं. माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं, एवढाच आधार होता. तोही तू पाटीवर टांगलास.

तुझी जिरवायची म्हणून सूनबाईचा काटा मांडला. म्हटलं, कितीदाही भरला तरी माझा कप एकच आकडा दाखवेल. प्लास्टर निघालंय, पण उजवी मूठ वळत नाही. चमचा डाव्या हातात घेतला. एकदा एकशेदहा, मग एकशेचाळीस, मग एकशेपासष्ट. अर्धा मैदा ओट्यावर. सूनबाई पुसायला आली तर तिच्यावरही ओरडले. हेही तिनं लिहून घेतलंय बघ.

बोटांत पूर्वीचा जोर येणार नाही, असं डॉक्टर कधीच म्हणाले होते. महिन्याभरात येते हे मी खोटंच कळवलं.

तेव्हा पाटी नीट कर. कोको मी मोघम सांगितला होता, तो नव्वद लिही. मध साडेतीनशे. लोणी राहिलंय, ते सव्वादोनशे. बेकरी आता तूच चालव.

कीव करणारं पत्र आलं तर न वाचता फाडीन. भांडणाचं मात्र लवकर पाठव.

तुझी ताई