साधंच केलंय

आई, आज तुझा इतका राग आलाय की समोर असतीस तर भांडलेच असते. इथे आयर्लंडमध्ये, आमच्या ड्रोहेडा गावात एका ऑफिसला चाळीस माणसांचं रोजचं दुपारचं जेवण हवं होतं. सहा वर्षं घरातून डबे देतेय, हे काम मिळतं तर स्वतःचं मोठं किचन घेतलं असतं. प्रपोजल मी मराठीत सांगितलं, लेकीने जसंच्या तसं इंग्रजीत टाईप केलं. आज तिथल्या मॅनेजर बाईने बोलावलं, चहा दिला आणि कागद माझ्याकडे फिरवला. "जेवण साधंच असतं, कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या, हे तुम्हीच लिहिलंय. मी वरच्यांना काय सांगू?" काम दुसऱ्याला गेलं.

ती वाक्यं माझी नव्हती गं, तुझी होती. तू लोकांकडे स्वयंपाकाला जायचीस. एका मुंजीत शंभर पानांचं एकटीने रांधलंयस, पंगत बसलीय आणि तू दारात उभी राहून म्हणतेस, "साधंच केलंय, गोड मानून घ्या." मी सात वर्षांची, ओरडले, "साधं कुठंय?" सगळ्यांदेखत थोबाडीत दिलीस. "आपल्या हातचं आपण वाखाणायचं नसतं, कार्टे!" ती थोबाडीत मी आयर्लंडपर्यंत घेऊन आले. अगं, पंगतीत "छे हो, फक्कड झालंय" म्हणणारं कुणीतरी असतं. कागदाला कोण म्हणणार? लोक वाचतात आणि खरं मानतात.

गाडीत लेक तिच्या इंग्रजीत म्हणाली, "मम्मी, किती सॉरी लिहिलंयस! अजून काही बिघडलंही नव्हतं." तिच्यावर खेकसले. मग घरी येऊन तिलाच बसवलं, दुसऱ्या एका ऑफिसला प्रपोजल पाठवायचंय म्हणून. "'प्रयत्न करू' खोड. 'देऊ' लिही. 'थोडाफार अनुभव' काढ. सहा वर्षं, एकही खाडा नाही, असं लिही. चाळीस ताटं, साडेबाराला, गरम." ती हसली, "ग्रँड!" माझा हात मात्र गालावर गेला होता. इतकी वर्षं झाली तरी!

हे पत्र मात्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून सांगते. घरी आम्हाला वाढतानाही तू तेच, "साधंच केलंय" म्हणायचीस आणि जरा थांबायचीस. मला वाटायचं, आणखी वाढायला थांबलीयेस. मी ताटात बघून जेवत राहायचे. छान झालंय, असं एकदाही म्हणाले नाही.