पैसे गेल्याशिवाय उठणार नाही

सौ. साधना हीस,

तू मळ्यात गेली असल्याने चिठ्ठी लिहून पुण्यास, बँकेच्या मोठ्या कचेरीत जात आहे. आज फी पोचली नाही तर आपल्या हर्षालीचा जर्मनीतील प्रवेश रद्द होणार, हे तू जाणतेसच.

फीचे पैसे परदेशी धाडण्यापूर्वी ते कोठून आले याचा पुरावा बँकेने मागितला होता. हेल्पलाइनवरील बाईंस मी नम्रपणे सांगितले की, आमच्या घरात टोमॅटो कोणीही पिकवो, बाजारात विक्रीच्या हिशेबाची पट्टी थोरल्या भावाच्याच नावे होते. त्यावर त्या वदल्या, "सर, मग पैसे तुमचे कसे?" पुढे गाणे वाजू लागले व फोन तुटला. पुन्हा लावला तो दुसरे गृहस्थ. त्यांस आरंभापासून सर्व कथन केले, तेही "तुमचे कसे?" येथेच येऊन थांबले. चोरीचा माल विकल्यासारखी ही विचारपूस मी सहन करणार नाही.

हर्षालीस परदेशी धाडल्याच्या रागाने रामदासभाऊ आपल्याशी बोलत नाहीत, तरी सकाळी त्यांच्या दारी गेलो. त्यांनी सर्व ऐकले, टोपी घातली आणि म्हणाले, "पट्टीवर नाव माझं हाये, पन पोरगी घरची हाये. चल, कोन नाय म्हनतो बगू."

वहिनींनी दोघांची भाकरी बांधून दिली आहे. पैसे गेल्याची पावती हाती पडेपर्यंत आम्ही तेथून हलणार नाही, मग ते शिपाई बोलावोत वा पोलीस.

हर्षालीचा फोन आल्यास सांगावे की, तिचा बाप व चुलते बँकेत बसले आहेत, तिने निर्धास्तपणे वर्गात बसावे.

कुंडलिक