ग्लास भिडवताना

मार्ग्रिटबाई,

सख्ख्या धाकट्या बहिणीला बाई म्हणतेय, यावरूनच ओळख मी किती चिडलेय. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, म्हणून खरं काय ते लिहिते.

तू कॅनडाहून आलीस आणि चार दिवस माझ्या नवऱ्याने तुला ल्युसर्न दाखवलं. लाकडी पूल झाला, हातमोज्यांचं ते महागडं दुकान झालं. "तळ्यातली बोट म्हणजे टुरिस्टांचे चोचले," असं उर्स मला वीस वर्षं ऐकवतोय. तुझ्याबरोबर मात्र दोनदा बसला. वर मलाच म्हणतो, "अगं रेगुला, पाहुणी आहे ती!"

तेही मी गिळलं असतं. पण शेवटच्या संध्याकाळी तळ्याकाठच्या हॉटेलात वाइन आली. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हे आपल्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. जो बघत नाही त्याला उर्स चारचौघांत टोकतो. तुझ्या ग्लासला ग्लास लावताना मात्र तोच टेबलावरच्या माशाकडे बघत होता. तू हसून म्हणालीस, "काय भावजी, शिस्त विसरलात?" त्याचे कान लाल झाले.

आज जेवताना मी मुद्दाम माझा ग्लास पुढे केला. त्याने रोजच्यासारखं थेट माझ्या डोळ्यांत बघितलं आणि बटाटे वाढून घेतले. वीस वर्षांत एकदा तरी त्याने माझ्यापासून नजर चोरायला हवी होती गं.

जिच्याकडे खुशाल बघता येतं ती, तुझी थोरली बहीण,
रेगुला