कॅप्टन नव्हे, मिस्टर ब्लँडी

प्रिय ॲम्ब्रोज,

पंचवीस वर्षांनी तुझं पत्र आलं आणि वाचताना मी इतकी हसले की चहा गार होऊन गेला. दर महिन्याला एकेक भाग निघणाऱ्या माझ्या कादंबरीतला शूर, त्यागी कॅप्टन हॅलोवे म्हणजे आपणच, हे तू ओळखलंस म्हणे. 'तू मला विसरली नाहीस, ऑगस्टा!' असं म्हणून लगेच मागणीही घातलीस, आणि लगे हात तुझ्या लेकीला, सेसिलीला समजावण्याचं कामही सोपवलंस.

तू एकटाच नाहीस. एका बिशपनं, एका कोळशाच्या व्यापाऱ्यानं आणि माझे दात बघणाऱ्या डॉक्टरनंही 'कॅप्टन मीच ना?' असं लाजत लाजत विचारलंय. त्याच कादंबरीतला, सूपच्या चमच्यात स्वतःचं तोंड न्याहाळणारा मिस्टर ब्लँडी मात्र कुणालाच आपला वाटत नाही. पुस्तकात गुण दिसले की माणसाला स्वतःची आठवण येते, दोष दिसले की शेजाऱ्याची.

तर ऐक, ब्लँडी तू आहेस. 'लिहिणारी बायको घरात शोभत नाही' असं सांगून तू बियरवाल्याच्या मुलीशी लग्न ठरवलंस, तेव्हा हातमोज्याचं बटण लावण्यात इतका गुंतला होतास की मी रडतेय हेही तुला दिसलं नाही. माझं तुझ्यावर फार प्रेम होतं. का होतं, ते आजही सांगता येत नाही. तुझ्या मिश्या झकास होत्या, एवढं आठवतं. प्रेम आंधळं असतं म्हणतात. माझं बहिरंही असावं, नाहीतर तुझं बोलणं ऐकूनच मी शुद्धीवर आले असते.

बायको वारल्यावर आता तुला दुसरी कशाला हवी, तेही कळलं. सेसिली सर हम्फ्रीशी लग्नाला नको म्हणते, आणि घरात बाईमाणूस नाही म्हणून पोरगी शेफारली, असं तुझं म्हणणं. सर हम्फ्री तुझ्याहून वयानं मोठा, पाय सुजलेला, वर जेवताना झोपणारा. पण जावई 'सर' असला की क्लबात तुला शेकोटीजवळची खुर्ची मिळेल. त्या खुर्चीपायी पोटची पोर द्यायला निघालास! मला तुझी किळस आली, ॲम्ब्रोज.

पत्राला उत्तरच देणार नव्हते. पण गुरुवारी सेसिली पेटी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. जिन्यातच बसून हमसून हमसून रडली, मग नाक पुसून म्हणाली, "कॅप्टन मीच, असं बाबा रोज जेवताना सांगतात, बाई. मी तर त्यांना पहिल्याच भागात ब्लँडीत ओळखलं. इतकं सगळं दिसूनही तुम्ही त्यांना जीव लावलात. मग मला काय हाकलून देणार आहात?"

हाकलणार नाही. तिला एकवीस वर्षं पूर्ण झाली आहेत, तेव्हा कायद्याचा धाक दाखवू नकोस. सर हम्फ्रीला नकार तूच कळव. मला एके काळी तुझ्यासोबत संसार हवा होता. त्यातली लेक तेवढी आता मिळाली, आणि तुला वगळून मिळाली.

एके काळी तुझीच,
ऑगस्टा