सलामाच्या लेकींमधली वाट

प्रिय मुसल्लम,

तुझी चिठ्ठी काल अब्दूनच्या होडीतून आली. शुक्रवारी तू आणि तुझे डॉक्टरसाहेब खसबहून लाँच घेऊन सलामाच्या लेकींमधल्या, त्या भर समुद्रातल्या खडकांमधल्या वाटेने जाणार, असं लिहिलंयस. वाचून मला बरं वाटलं नाही. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय धक्क्यावर पाऊल टाकू नकोस. अब्दूनला बजावलंय, मुसल्लमच्याच हातात द्यायचं, त्या साहेबाच्या नाही.

तुझी आई बरी आहे. काळ्या शेळीला दोन करडं झाली आणि तिची मिजास इतकी वाढलीय, की वाळवलेल्या तारली मासळीखेरीज कशाला तोंड लावत नाही. रेडिओवर रोज तेलाची जहाजं पेटल्याच्या बातम्या असतात. आम्हाला रेडिओ कशाला हवा? कड्यावर चढलं की धूर दिसतो. साऱ्या दुनियेचं तेल आमच्या कुम्झारच्या दारावरून जातं आणि इतकी वर्षं आमचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. आता अचानक आमची चौकशी सुरू झाली, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं मला कळतं.

तुझा हा डॉक्टर हातिम पहिल्यांदा आला कधी, ठाऊक आहे? भर उन्हाळ्यात! सगळं गाव खजूर उतरवायला खसबला गेलेलं, घरांना कुलपं, मागे फक्त शेळ्या आणि गुडघा धरून बसलेला म्हातारा दर्वीश. रिकामं गाव बघायला कोण येतं? एक चोर, नाहीतर सरकार. दर्वीशने त्याला आपला गुडघा दाखवला. साहेब म्हणाला, “आजोबा, मी औषधाचा डॉक्टर नव्हे, अरुंद समुद्रांचा अभ्यास करतो.” दर्वीश म्हणाला, “मग माझा गुडघा काय रुंद समुद्रांच्या डॉक्टरकडे नेऊ?” आम्ही परतल्यावर हा किस्सा गावभर झाला. सगळे हसले. मला मात्र हसू येईना. मिसरचा माणूस, स्वतःच्या घरी सुएझ असताना इथे आमच्या खडकांत काय हुडकतोय?

पुढच्या खेपेला तो तुला घेऊन आला. खरं सांगू? तू होडीतून उतरलास तेव्हा ऊर भरून आला होता. तू मामाकडे कुवेतला गेलास तेव्हा माझ्या कमरेएवढा होतास. पण मग तू बोलायला लागलास. आपली भाषा तुझ्या तोंडून पाहुण्यासारखी जपून जपून बाहेर पडत होती, आणि प्रश्न सगळे त्याचे. पाणी कधी फिरतं? खोली कुठे? मोठी वाट बंद पडली तर लहान जहाजं कुठून निसटतील? मासा कोणता मिळतो, हे त्या माणसाने एकदाही विचारलं नाही. मी जवळ गेलो की नकाशाची घडी घालायचा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातली गत. जाळं शिवताना मी तुला विचारलं, “हा अभ्यास करून करणार काय?” तू म्हणालास, “छापणार, बाबा.” “आणि छापलेलं वाचणार कोण?” तू नुसता हसलास. अरे, ज्याच्याकडे लढाऊ जहाज आहे तोच वाचणार ना! तू नमाजाला गेलास तेव्हा दर्वीश माझ्या कानाशी लागला, “खल्फान, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. तुझं पोर कुणाचं मीठ खातंय, विचार त्याला.” मी त्याच्यावर ओरडलो. पण तो जे बोलला ते माझ्याच मनात होतं, म्हणून जास्त ओरडलो.

आज सकाळी मी खजुरीच्या झावळीची चिमुकली होडी केली. सलामाच्या खडकासमोरून जाणाऱ्या माणसासाठी घरचे सोडतात तशी, आत मूठभर भात आणि चार खजूर ठेवून. ती तुझ्या आईने करायची असते, हे मला ठाऊक आहे. ती मागून येऊन उभी राहिली. “आज कोण निघालंय?” म्हटलं, कुणी नाही. “मग सलामाला भात कशाला? तुम्ही काय करून बसलायत?” तुझ्याकडे मी जसा बघत होतो ना, अगदी तशी ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणून घरात येऊन हे लिहायला बसलो.

आता ऐक. आपल्या घरी बसून, तुलाच दुभाषा करून, मी त्या साहेबाला सांगितलं होतं, की ओहोटी लागली की धाकट्या लेकीच्या अंगाने जावं, पाणी विहिरीसारखं स्थिर असतं. सगळं गाव बसलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मुसल्लम, ते साफ खोटं आहे. ओहोटीला तिथलं पाणी गरगरत खडकाखाली शिरतं. तुझा काका कुठे बुडाला ते तुला आम्ही कधी सांगितलं नाही. तो तिथेच गेला, आम्हाला नुसतं वल्हं सापडलं. आम्ही जातो ते भरतीला, तेही आईच्या, सलामाच्या अंगाने. आम्हाला वाटलं, लिहिणारी माणसं थोडीच पाण्यात उतरतात! कागद कुणातरी आरमाराच्या हाती पडेल, मग येऊ दे त्यांना ओहोटीला. तू चिठ्ठीत लिहिलंयस, “डॉक्टर म्हणाले एकदा खात्री करून घेऊ, मी म्हटलं खात्री कसली, माझ्या बाबांनी सांगितलंय.” ही ओळ वाचली आणि उजाडताच मी झावळी तोडायला उठलो. तुला बाजूला घेऊन मी त्याच दिवशी खरं सांगू शकत होतो. नाही सांगितलं, कारण मला त्या परक्यापेक्षा तुझा जास्त संशय होता. शुक्रवारी तुम्ही निघाल तेव्हा ओहोटी असेल. जाऊ नकोस, पोरा. खरी वाट आता तुझ्याजवळ आहे. ती त्या माणसाला सांगायची की नाही, ते तू ठरव, मी कधी विचारणार नाही.

तुझाच,
बाबा