पहिल्या पावाची कड

३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल माझं वजन एक्क्याऐंशी किलो भरलं. दवाखान्यातल्या परिचारिकेने मला काट्यावरून उतरवून पुन्हा चढायला लावलं, आकडा तोच आला तेव्हा कार्डावर लिहून खाली सही केली. त्याच कार्डाच्या पहिल्या ओळीत, अकरा महिन्यांपूर्वीच्या तारखेसमोर, एकशे चार लिहिलेलं आहे. साखरही आटोक्यात आली आहे. आठवड्याचं इंजेक्शन आहे त्याच मात्रेत चालू ठेवायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

तब्येतीची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती लोकांच्या तोंडाची. बेकरीत पाय ठेवला की आधी सगळे माझ्या कमरेकडे बघतात, मग चेहऱ्याकडे. काउंटरवाली रोज विचारते की अजून किती उतरायचा बेत आहे. पिठाची पोती आणणारा ट्रकवाला म्हणाला की ताई, तोंड अगदी सुकलंय, घरी सगळं बरं आहे ना. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात थांबवून आधी कौतुक केलं आणि मग माझा दंड असा दाबून पाहिला, जशी मी बाजारातला भोपळाच. जाड होते तेव्हा खादाड होते, आता बारीक झाले तर आजारी. मधली जागा त्यांच्याकडे नाहीच.

मी सगळ्यांना सांगते की चालते. ते खोटं नाही, रोज संध्याकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारते. फक्त ते अर्धंच आहे. इंजेक्शनचं कळलं तर म्हणतील, मग हिने काय केलं, सुईने केलं. वीस वर्षं उपाशी राहून जे जमलं नाही ते मी कुणाकुणाला मोजून दाखवू? तुझ्याशिवाय हे कुणाला माहीत नाही. तसंच राहू दे.

आमच्या भट्टीची रीत तुला ठाऊक आहे. सकाळची पहिली खेप निघाली की भट्टी सांभाळणाऱ्याने एका पावाची कड मोडायची, सगळ्यांसमोर खायची आणि मान हलवायची. मगच ट्रे बाहेर जातात. सहा वर्षं ते काम माझं आहे. हल्ली इंजेक्शनमुळे सकाळी घास घशाखाली उतरत नाही, आणि त्यात चार जण माझ्या जबड्याकडे टक लावून बसलेले. मी एक युक्ती काढली आहे. भेटीत सांगेन.

जाता जाता एक. मागच्या पत्रात माझा नवा फोटो होता. तू उत्तरात तुझ्या गुडघ्यापासून वाचनालयाच्या गळक्या नळापर्यंत सगळं लिहिलंस. फोटोबद्दल अक्षर नाही.

माझं सगळं घटतंय, तुझा लोभ तेवढा घटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आकडा वाचून बरं वाटलं, साखरेचं वाचून जास्त बरं वाटलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना पुढच्या वेळी सांग की दंड दाबायचा असेल तर दोन्ही दाबा, एकालाच का त्रास.

इकडे वाचनालयात पुस्तकबांधणीच्या खोलीत कामाचा ढीग आहे. शाळेकडून पाठ फाटलेले साठ शब्दकोश आले आहेत. खळ लावायची, दाबाखाली ठेवायचे आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही. नवीन मदतनीस बाई दर तासाला दाब उघडून बघतात. त्यांना म्हटलं, सारखं उघडून बघितलं की पान चिकटत नाही. लोकांच्या बाबतीत तुलाही असंच एखादं वाक्य हाताशी लागेल. कुणी विचारलं की म्हणायचं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे आणि बरी आहे. त्यानंतर हवापाण्यावर बोलायचं.

आता एक कबूल करते. मावशीला मी इंजेक्शनचं सांगितलं. ती विचारत होती की धाकटीला मोठा आजार तर नाही ना, आणि तिचा आवाज असा झाला होता की मला राहवलं नाही. मी तिला कुणाला बोलू नकोस अशी ताकीद दिली आहे. मावशीच्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत आहे, तू लिहू नकोस.

युक्ती काय ते कळव. तुझ्या युक्त्यांची मला लहानपणापासून धास्ती आहे.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा, एवढं मागणं.

तुझी,
अक्का


२४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

रागावले आहे आणि लिहिते आहे, दोन्ही.

मावशीने परवा बेकरीच्या नंबरवर फोन केला. उचलला काउंटरवालीने. मावशीने तो माझाच आवाज समजून विचारलं की त्या वजनाच्या इंजेक्शनने उलट्या तर होत नाहीत ना. पुढचं तुला सांगायला नको. दुपारपर्यंत ट्रकवाल्यालासुद्धा कळलं. काउंटरवाली म्हणाली की तरीच, आम्हाला वाटलं बाई चालतात. हसून म्हणाली, वाईट मनाने नाही, पण सगळे हसले.

हे मी सोसलं असतं. खरी गोष्ट त्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे.

पहिली खेप निघाली. मी कड मोडली, तोंडाजवळ नेली, जबडा हलवला आणि वळता वळता तुकडा एप्रनच्या खिशात टाकला. हीच माझी युक्ती. दोन महिने रोज चालू होती. मान हलवली, ट्रे गेले. दहा वाजता शाळेच्या भोजनगृहातून फोन आला, मग रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून. पावात मीठच नव्हतं. कणभर नाही. सव्वाशे पाव परत आले. मी स्वतः एक तोडून खाल्ला तेव्हा कापूस चावल्यासारखं झालं. पहिल्या घासात कळलं असतं, अक्का. आंधळ्यालाही कळलं असतं.

मीठ मोजून घालायचं काम पीठ मळणाऱ्या काकांचं. तीस वर्षं ते तिथे आहेत, मला पीठ हाताला कसं लागलं पाहिजे ते त्यांनीच शिकवलं. मालक त्यांना म्हणाले की आता वय झालं, हात विसरायला लागले, पुढच्या महिनाअखेरीपर्यंत या आणि मग आराम करा. काका नुसते परात धुवत राहिले. मालकांनी मला विचारलं की कड खाल्ली तेव्हा लक्षात कसं आलं नाही. मी म्हटलं, सर्दी आहे.

तो तुकडा तेव्हा माझ्या खिशात होता.

खरं सांगितलं तर सगळे म्हणणार की औषधाने हिची चव गेली, भट्टी कशी सोपवायची. न सांगावं तर काका घरी बसतात. दोन दिवस तळ्याला फेऱ्याही मारल्या नाहीत.

तुझा राग अजून आहे, पण सल्ला तुलाच विचारते आहे. ते लोभात धर.

तुझी,
धाकटी


२ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मावशीला सांगितलं ही माझी चूक. तिच्या भोळेपणाआड मी लपणार नाही. तुझी गोष्ट तुझी होती, मी ती दुसऱ्याच्या हाती दिली. माफ कर.

आता फोटोबद्दल. आई गेली त्याच्या आदल्या वर्षीचं तुला फारसं आठवत नसेल, तू शिकायला बाहेर होतीस. आई झपाट्याने उतरली होती. गल्लीतल्या बायका तिला म्हणायच्या, काय सुरेख दिसायला लागलात, आम्हालाही सांगा. मीसुद्धा म्हटलं होतं. तिची जुनी साडी तिला दोनदा गुंडाळावी लागली तेव्हा मी हसून म्हटलं की आई, तू तर कॉलेजातली मुलगी झालीस. ती खूश झाली. चार महिन्यांनी निदान झालं. तुझ्या फोटोत गालाची हाडं तिच्यासारखी दिसली आणि माझ्या तोंडून छान हा शब्द निघेना. तू बरी आहेस, कार्डावर सही आहे, हे सगळं मला कळतं. हात मात्र तो फोटो पुन्हा पुन्हा पाकिटात घालतो. तुला वाटलं असेल अक्काला आवडलं नाही. तसं नव्हतं.

काकांचं मला जे दिसतं ते सरळ लिहिते. तू कोणतं औषध घेतेस हे सांगायला तू कुणाची बांधील नाहीस. उद्या मालकांनी विचारलं तरी नाही. पण ती कड तुझी खासगी नाही. ती खाल्ली म्हणून तू मान हलवलीस आणि त्या मानेवर सव्वाशे पाव गेले. काका मीठ विसरले ही त्यांची चूक, ती पकडायचं काम तुझं होतं. एवढंच सांग, याहून जास्त नको. चव गेली का, हे तूच मला लिहिलं आहेस. मीठ नाही हे तुला पहिल्या घासात कळलं. गेलेली चव असं सांगत नाही.

भट्टी गेली तर गेली. मग माझ्याकडे ये, शब्दकोश बांधू. पण काका माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत, आणि मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही.

आधी सांग, मग जेव, मग मला लिही. या क्रमाने.

तुझी,
अक्का


११ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. तू म्हणालीस तेवढंच सांगितलं. गुरुवारी पहिली खेप निघायच्या आधी, पीठ मळायच्या खोलीत, सगळे असताना. म्हटलं की दोन महिने मी कड खात नव्हते, खिशात टाकत होते. सकाळी खायला जड जातं आणि तुम्ही सगळे बघता याची लाज वाटायची. त्या दिवशी सर्दी नव्हती.

मग काका म्हणाले की आता मीही सांगतो. त्या सकाळी काउंटरवाली आणि ट्रकवाला तिथेच उभे राहून माझ्या इंजेक्शनबद्दल बोलत होते, आणि ट्रकवाल्याने माझ्या चालण्याची नक्कल केली. काकांच्या हातात मिठाचं भांडं होतं. ते त्यांनी फळीवर ठेवलं, दोघांना झाडलं आणि रागाच्या भरात तसेच पिठाकडे वळले. भांडं संध्याकाळपर्यंत फळीवर भरलेलं होतं. मालकांना हे सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून ते गप्प राहिले. अक्का, नोकरी जाताना तो माणूस माझ्यासाठी परात धुवत होता.

काउंटरवाली रडली. नंतर माझ्याकडे येऊन म्हणाली की तिच्या बहिणीलाही डॉक्टरांनी तेच औषध सुचवलं आहे आणि ती घाबरते आहे, विचारलं तर चालेल का. मी म्हटलं, बहिणीला पाठव. कमरेकडे बघणं मात्र बंद कर. ती म्हणाली, सवय झाली आहे, वेळ लागेल. निदान खरं बोलली.

औषधाचं मालकांनी विचारलं. मी तुझं वाक्य म्हटलं, की डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे आणि बरी आहे. ते हवापाण्यावर बोलले नाहीत, पण पुढे विचारलंही नाही. काकांना त्यांनी ठेवलं. माझं अजून ठरलेलं नाही. येत्या सोमवारी ते स्वतः पहिल्या खेपेला उभे राहणार आहेत. मुद्दाम एका ट्रेचं मीठ कमी ठेवणार, कोणत्या ते फक्त त्यांना ठाऊक. मी ओळखलं तर भट्टी माझी.

परिचारिकेला विचारून आलो आहोत, मी आणि काका दोघं. ती म्हणाली की सुपारीएवढा घास घ्या, सावकाश चावा, घाई नको. या चार दिवसांत तसं खाते आहे. उतरतो. काका शेजारी उभे राहून दुसरी कड खातात, म्हणजे बघणाऱ्यांना दोन तोंडं वाटून बघावी लागतात.

आईचं वाचून मी ते पत्र पिठाच्या हातांनी दोनदा उघडलं. डाग पडला आहे. फोटोबद्दल आता काही लिहू नकोस. तू रविवारी ये, तेव्हा मला बघ. जिन्यात उभी करून हवं तर दोन्ही दंड दाब.

सोमवारी सकाळी माझ्याबरोबर बेकरीत चल. पावणेसहाला पहिली खेप निघेल. मालक समोर असतील, काका शेजारी, तू दाराशी. एप्रनचा खिसा मी काल शिवून टाकला आहे.

लोभ घेऊनच ये, सामानात जागा कर.

तुझी,
धाकटी