पार्कातला बारावा बाक

अंबरपेठ, हैदराबाद

प्रिय रश्मी,

मराठीत लिहिते आहे म्हणून वैतागू नकोस. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, अजून ओळीखाली बोट धरतेस, हे ठाऊक आहे मला. लागू दे वेळ. फोनवर तू घाईत असतेस आणि मीही धड बोलत नाही. फक्त हे कुणाकडून वाचून घेऊ नकोस, तुझ्या त्या मोबाइललाही वाचायला लावू नकोस.

पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे आणि तू येणार नाहीस. शेवटच्या वेळी ज्यांना मी डोळ्यांसमोर नको होते त्यांच्या श्राद्धाला कशाला येऊ, असं म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. वर्षभर असंच चाललंय. भूक लागते, झोप येते, गुडघा दुखतो, एवढं कळतं. बाकी आत काही हलत नाही. लोकांना वाटतं वासंतीबाई फार धीराच्या आहेत. त्यांना वाटू देते.

पार्कात मात्र रोज जाते. महापालिकेने तिथे व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवली आहेत, बायका त्यांवर बसून सुनांविषयी बोलतात. गेटबाहेर रागी जावा, म्हणजे नाचणीची पेज, विकणारी भाग्यलक्ष्मी आता मिरचीभजीही तळते, त्यामुळे पाच फेऱ्या मारून आलेली मंडळी आधी जावा पितात आणि मग तिच्या कढईभोवती उभी राहतात. समोरच्या शैलाताई पिशवी भरून कण्हेर तोडतात. 'फुले तोडू नयेत' ही पाटी त्यांच्याच यजमानांनी लावली आहे, पण त्यांना कोण सांगणार. मी तीन फेऱ्या मारते आणि आपल्या बाकावर बसते.

त्या बाकाचा फोटो तुला बाबांनी पाठवला होता, गोष्ट सांगितली नसेल. पार्कातले अकराच्या अकरा बाक कुणाच्या ना कुणाच्या आठवणीत दिलेले. तुझ्या बाबांचं म्हणणं, मेल्यावर बाक घेऊन मी काय करू, मला आत्ता बसायचंय. म्हणून बारावा बाक त्यांनी स्वतःच्या नावाने दिला, जिवंतपणी. आपल्या यादगिरी पेंटरला कागदावर नाव लिहून दिलं. त्याने आयुष्यभर बाकांवर एकाच तऱ्हेची नावं रंगवलेली. त्याच सवयीने नावाआधी तेलुगूत 'की.शे.' रंगवून मोकळा झाला. कीर्तिशेष, म्हणजे आपलं कैलासवासी. सकाळी सगळे वॉकर्स जमा. फिरणाऱ्यांच्या संघाचे अध्यक्ष हणमंतराव रंगाचा डबा घेऊन धावत आले. बाबांनी पुसू दिलं नाही. राहू द्या, पुढे पुन्हा रंगवायला नको, म्हणाले, आणि बरोबर त्या अक्षरांना पाठ टेकून बसले. दोन वर्षं रोज तसेच बसायचे आणि नवा माणूस दिसला की त्याला बाजूला सरकून अक्षरं दाखवायचे. मी चिडायचे. ते गेल्यावर संघाने बाक द्यायचं ठरवलं, तर बाक आधीच तयार होता.

गेल्या मंगळवारी यादगिरी घरी आला. दारातच उभा, आत येईना. अम्मा, मेरेच हाथां से हुआ, म्हणाला, मैं वो नहीं लिखता तो साब रहते थे. वर्षभर ते मनात घेऊन हिंडत होता बिचारा. बाकावरून जाताना मान खाली घालतो म्हणाला. मी त्याला बसवलं, चहा दिला, असं काही नसतं म्हणून समजावलं. तो रडला आणि मी समोर कोरडी ठणठणीत बसून होते. तो गेल्यावर त्याची एकच कपबशी मी तीन वेळा विसळली. त्याने काहीही केलेलं नाही. केलंय ते मी, आणि माझ्या दारात माफी मागायला तो आला.

तुझा फोन रोज सकाळी सातला यायचा, तिकडे तुमची रात्रीची जेवणं उरकल्यावर. त्या वेळी बाबा पार्कात असत. रविवारी ते उशिरा निघत, म्हणून तुमचं बोलणं रविवारी. सोमवारी त्यांच्या छातीत दुखलं आणि हिमायतनगरच्या दवाखान्यात नेलं. मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी तिथल्या जिन्याजवळ उभी होते. बाबा कुठे, म्हणालीस. रोजचं उत्तर तोंडातून निघून गेलं, पार्कात गेलेत. तू म्हणालीस, कानटोपी घालून जायला सांग. आणि खरं सांगते, तेवढा वेळ ते पार्कात होते. मला दिसत होते. बुधवारी मी तेच मुद्दाम म्हटलं. गुरुवारी, शुक्रवारीही.

तू आलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. तुला त्रास नको म्हणून बाबांनीच कळवू दिलं नाही, असं मी तुला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. रश्मी, ते खोटं आहे. ते शुद्धीवर होते. मंगळवारीच म्हणाले, रश्मीला बोलाव. बुधवारी पुन्हा म्हणाले. मी हो हो म्हणत राहिले. तुला बोलावलं असतं तर ते जाणार हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि ते मला करायचं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी विचारलं, निघाली का? मी म्हटलं, विमानात बसली. मग त्यांनी नर्सकडून दाढी करून घेतली आणि दाराकडे तोंड करून पडून राहिले. शनिवारी पहाटे गेले. ते तुझी वाट बघत होते, एवढं सांगायला हे पत्र लिहिलं. श्राद्धाला ये अथवा येऊ नकोस. रागव, पण माझ्यावर रागव, त्यांच्यावर नको. पत्र वाचून झालं की फोन कर. मोबाइल मी घरीच ठेवून जाते. सातला केलास आणि कुणी उचलला नाही, तर घाबरू नकोस, मी पार्कात गेलेली असेन. या वेळी खरंच.

तुझीच,
आई